धावणाऱ्या मुलीची पाळी थांबते तेव्हा

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

नाशिकच्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगी १६ वर्षांची, अकरावीत, ३००० आणि ५००० मीटर धावते. आठवड्यातले सहा दिवस पहाटे मैदानावर, त्यातला एक दिवस पांडवलेणीच्या चढावर. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली आणि पुढे नियमितही झाली. गेल्या वर्षी सर म्हणाले, "दोन किलो कमी झाले तर टायमिंग सुधारेल." तेव्हापासून तिनं भात, तूप, गोड सोडलं. टायमिंग सुधारलं, विभागीय स्पर्धेत पदकही आलं. पण गेले सहा महिने पाळी नाही. सर म्हणतात, कसून सराव करणाऱ्या मुलींचं असं होतंच. आजी म्हणतात, पळणं बंद करा, उद्या पोरबाळ व्हायला अडचण येईल. एका डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, तरी पाळी आली नाही. सोनोग्राफीत पीसीओडी (बीजकोश आणि संप्रेरकांचा बिघाड) निघाला म्हणून गोड आणि भात बंद करायला, वजन आटोक्यात ठेवायला सांगितलं. वजन ४१ किलो, उंची ५ फूट २ इंच. दोन आठवड्यांपासून उजवी नडगी दुखते. राज्य स्पर्धा जवळ आली आहे. आई विचारते, "तिचं धावणं बंद करू का? ती म्हणते पाळी नाही तेच बरं, सरावात अडचण नको. मला तिचं मन मोडायचं नाही, पण रात्री झोप लागत नाही."

ताई,

आधी नडगीचं बोलू. तुम्ही ते शेवटी एका ओळीत उरकलं आहे, पण सगळ्यात तातडीची गोष्ट तीच आहे. सहा महिने पाळी नसलेल्या धावपटू मुलीची नडगी दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेला असेल असं धरूनच पुढे जावं लागतं. तिला बसवा आणि नडगीच्या हाडावरून बोट हलकं दाबत वरून खाली न्या. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर ते स्नायूंचं किंवा हाडावरच्या आवरणाचं असू शकतं. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी बोट टेकताच ती कळवळली, किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर तड्याची शंका पक्की होत जाते. दोन्हींपैकी काहीही असो, अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासेपर्यंत पळणं आणि उड्या पूर्ण बंद. साधा एक्स-रे सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत बऱ्याचदा चांगलाच दिसतो, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर थांबू नका. शंका राहिली तर एमआरआय करावा लागतो. आणि पाळी बंद आहे हे त्या डॉक्टरांना आपणहून सांगा. नडगी दाखवायला आलेल्या मुलीला पाळीबद्दल विचारलं जाईलच असं नाही.

आता तुमचा प्रश्न. धावणं बंद करू का, असं तुम्ही विचारता, त्यामागे एक गृहीत आहे: धावण्यानं पाळी गेली, म्हणून दोन्हींतलं एकच ठेवता येईल. सर आणि आजी एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलत असले तरी हे गृहीत दोघांचंही आहे. सर म्हणतात पाळी गेली तर जाऊ दे, आजी म्हणतात पळणं जाऊ दे. मला हे गृहीतच पटत नाही. पोटभर खाऊन रोज कसून पळणाऱ्या आणि पाळी वेळेवर येणाऱ्या मुली भरपूर आहेत. पळणं जितकं वाढलं तितकं खाणं वाढलं नाही, उलट घटलं, तिथे पाळी थांबते.

हे शरीरात कसं घडतं ते सांगते. पाळीचा हुकूम गर्भाशयातून सुटत नाही, मेंदूतून सुटतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग ठरावीक वेळानं संदेश पाठवतो, त्यावर पिट्यूटरी ग्रंथी चालते, तिच्या संप्रेरकांवर बीजकोश चालतात आणि इस्ट्रोजेन तयार होतं. मिळकत कमी पडली की घरात आधी सणसमारंभाला कात्री लागते, किराणा आणि लाइटबिल मात्र भरलं जातं. मेंदूही तसाच वागतो. हृदय, फुप्फुसं, पायांचे स्नायू यांना आधी पुरवतो आणि पाळीचे संदेश मंद करत करत थांबवतो. म्हणून तिचं टायमिंग काही महिने सुधारतही राहिलं. त्या सुधारण्यानंच सगळे फसतात. पुढे हीच मुलगी दमायला लागते, सारखी सर्दी होते, चिडचिड वाढते, हाडं दुखायला लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' (खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडणं) हे नाव दिलं आणि २०२३ मध्ये त्यावरचं मार्गदर्शन सुधारून पुन्हा मांडलं. मुलांनाही हे होतं, पण त्यांच्याकडे पाळीसारखी उघड खूण नसते.

तुम्ही तिचा दिवस लिहिलाय तो मी पुन्हा पुन्हा वाचला. पहाटे अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. मैदानावरून आल्यावर एक बशी पोहे. डब्यात दोन पोळ्या-भाजी, त्यातली एक पोळी बहुतेक वेळा परत. संध्याकाळी क्लासवरून आल्यावर एक सफरचंद. रात्री वरण, काकडी, एखादी पोळी. "खाते तशी व्यवस्थित," असं तुम्ही पुढे म्हटलंय. सढळ हातानं मोजलं तरी हे १३०० कॅलरींच्या वर फारसं जात नाही. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १ कॅलरी खर्च होते. ४१ किलोच्या मुलीनं १० किलोमीटर केले की ४०० च्या वर गेल्या. उरल्या ९०० च्या आत. त्यात श्वास, हृदय, अभ्यास, वाढणारी हाडं, सगळं भागवायचं. चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४५ कॅलरी उरल्या तर शरीर निर्धास्त असतं, ३० च्या खाली गेलं की संप्रेरकं डळमळतात, असं अभ्यासांतून दिसलं आहे. तुमच्या मुलीचं चरबी वगळून वजन अंदाजे ३४ किलो धरलं तर ती २६ च्या आसपास येते. ३० हा आकडा म्हणजे काही लक्ष्मणरेषा नव्हे, प्रत्येकीचं शरीर थोडं वेगळं. पण ती कुठे उभी आहे हे कळायला एवढं पुरे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत १६ ते १८ वर्षांच्या मुलीची रोजची गरज सुमारे २५०० कॅलरी धरली आहे. ते गणित ४१ किलोपेक्षा जास्त वजनाच्या मुलीचं आहे हे खरं, तरी त्याच्या निम्म्यावर पळून भागत नाही.

आता तो पीसीओडीचा शिक्का. पत्रासोबत तुम्ही रिपोर्टमधल्या ओळी उतरवून पाठवल्यात: दोन्ही बीजकोशांत बरेच बारीक फोलिकल (बीज असलेल्या इवल्या पिशव्या), गर्भाशयाचं अस्तर ३ मिलिमीटर. पहिली ओळ सगळ्यांनी वाचली, दुसरी कुणी वाचली नाही असं दिसतं. या वयात निरोगी मुलींच्या बीजकोशांतही पुष्कळ फोलिकल दिसतात. म्हणूनच २०२३ चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. किशोरवयात अनियमित पाळी हवी आणि पुरुषी संप्रेरकं वाढल्याच्या खुणाही हव्यात, म्हणजे हनुवटीवर-पोटावर राठ केस, जास्त मुरुमं, किंवा रक्तात तसा आकडा. तुम्ही लिहिता, तिला यातलं काही नाही. उलट अस्तर पातळ आहे आणि पाच दिवस गोळ्या घेऊनही रक्तस्राव झाला नाही. त्या गोळ्या प्रोजेस्टेरॉनच्या असतील, तर त्या बंद केल्यावर अंगावर जायला आधी इस्ट्रोजेननं अस्तर वाढवलेलं असावं लागतं. इथे झडायला काही नव्हतंच. हे सगळं इस्ट्रोजेन कमी असल्याकडे बोट दाखवतं.

निदान मी पत्रावरून करणार नाही, ते समोर बसून तपासणाऱ्या डॉक्टरांचं काम. पण चुकीच्या शिक्क्याची मला भीती वाटते, कारण दोन्हींचे सल्ले एकमेकांच्या उलट आहेत. पीसीओडी आणि वजन जास्त असलेल्या मुलीला आपण सांगतो, खाणं आवर, व्यायाम वाढव. तुमच्या मुलीला तेच सांगितलं तर जे कमी पडतंय तेच आणखी कमी होईल. या उंचीला ४१ किलो हे वजन आधीच कमी आहे. त्यात आटोक्यात ठेवण्यासारखं काही नाही. दुसरं मत घ्या, आणि तोवर तो 'भात बंद'चा कागद बाजूला ठेवा.

दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना रिपोर्टबरोबर दोन गोष्टी न्या: गेल्या वर्षभराच्या पाळीच्या तारखा (कालनिर्णयवर खुणा असतीलच) आणि तिच्या रोजच्या खाण्याचा व सरावाचा एक आठवड्याचा कागद. रक्तातले थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन, हिमोग्लोबिन, फेरिटिन (साठलेलं लोह), ड जीवनसत्त्व पाहिलं जाईल. पाळी थांबण्याची इतर कारणं, म्हणजे थायरॉइड, प्रोलॅक्टिनच्या तक्रारी, क्षयरोग किंवा आतड्याचे जुनाट आजार, ही आधी बाजूला काढावी लागतात. रेड-एस हे निदान त्यानंतरचं. डॉक्टर गर्भधारणेची चाचणीही करतील. त्यात तिच्यावर संशय घेतला असं मानू नका. पाळी थांबलेल्या कुठल्याही मुलीत तपासणीचा तो पहिला टप्पा असतो. आणि दहा मिनिटं तिला डॉक्टरांशी एकटीनं बोलू द्या. खाण्याबद्दल, मनातल्या भीतीबद्दल मुली आईसमोर बोलत नाहीत, त्यात आईचा दोष नसतो.

कुणी गर्भनिरोधक गोळ्या देऊन "पाळी सुरू करून टाकू" म्हणालं, तर थोडं थांबा. त्या गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो, पण तो गोळीचा रक्तस्राव असतो. मेंदूचे संदेश तसेच बंद राहतात, हाडांनाही त्यानं संरक्षण मिळत नाही, आणि सगळं ठीक झालं असं घरादाराला वाटून खाण्याकडे पुन्हा दुर्लक्ष होतं. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१७ चं मार्गदर्शनही केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी त्या देऊ नका असंच सांगतं.

"पाळी नाही तेच बरं," असं म्हणणाऱ्या तुमच्या मुलीवर मला अजिबात राग येत नाही. पॅड बदलायला धड जागा नसलेल्या मैदानावर, पोटात कळा येत असताना चढ चढायचा, याचा अनुभव ज्यांना नाही त्यांनी तिला नावं ठेवू नयेत. पण तिला एक गोष्ट माहीत नसावी. मुलीच्या हाडांची बरीचशी भर, साधारण ९० टक्के, १८ व्या वर्षापर्यंत पडते, आणि ती पडायला इस्ट्रोजेन लागतं. १९८४ मध्ये बार्बरा ड्रिंकवॉटर या अमेरिकी संशोधिकेनं पाळी थांबलेल्या खेळाडूंच्या मणक्याची घनता मोजली. त्यांचं सरासरी वय २५ च्या आसपास होतं आणि हाडं मात्र ५१ वर्षांच्या बाईसारखी. तुमच्या मुलीला हे घाबरवण्यासाठी सांगू नका. तिला पाच-दहा वर्षं पळायचं आहे, आणि त्यासाठी लागणारी हाडं याच दोन वर्षांत तयार होतात, असं सांगा. ते तिला समजेल. नडगीचं दुखणं तिनं स्वतःच अनुभवलं आहे.

आजींना माझा नमस्कार सांगा. पळण्यानं गर्भाशय सरकत नाही आणि मूल होण्याची ताकदही जात नाही. पुरेसं खाणं सुरू झालं, शरीर सावरलं, की बहुतेक मुलींची पाळी परत येते. त्यांची काळजी खरी आहे, फक्त ती लग्नाच्या दिवसाऐवजी आजच्या ताटाकडे वळवायची आहे. त्यात त्यांच्याइतकी मदत कुणाचीच होणार नाही. नातीला शेंगदाण्याचा लाडू करून द्यायला आजीला कुणी शिकवावं लागत नाही.

खाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण औषध तेच आहे. एकदम दुप्पट वाढू नका, तिला झेपणार नाही आणि ती धास्तावेल. रोज ३०० ते ४०० कॅलरींची भर घालून सुरुवात करा. सगळ्यात मोठं भगदाड पहाटे आहे. रात्री आठला थोडंसं खाल्लेली मुलगी सकाळी साडेपाचला जवळजवळ रिकाम्या पोटी पळते. पुन्हा सराव सुरू होईल तेव्हा निघण्याआधी एक केळं किंवा दोन-चार खजूर, चहाऐवजी गुळाचं दूध. सराव संपला की घरी पोचायची वाट न बघता मैदानावरच काहीतरी: उकडलेली अंडी, राजगिऱ्याचा लाडू, मूठभर शेंगदाणे आणि बेदाणे. आपल्या जिल्ह्यात बेदाण्याला काय तोटा. पोहे असू द्या, पण सोबत दूध किंवा दही हवं आणि वरून शेंगदाणे सढळ. डब्यात भात परत आणा, भातावर तूप परत आणा. पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) घरी येत असेल तर तिची भाकरी करा, १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. क्लासवरून आल्यावर सफरचंदाच्या जोडीला पनीर पराठा किंवा मटकीची उसळ-पाव. रात्रीचं जेवण पूर्ण. काकडीला नाही म्हणत नाही, पण तिनं पोट भरलं की पोळीला जागा उरत नाही, आणि धावणाऱ्या मुलींची अशीच गफलत होते.

घरातला वजनकाटा कपाटात ठेवून द्या. ताटावर नजर ठेवून घास मोजू नका, सगळ्यांनी एकत्र बसून तेच जेवण जेवा. "किती काळवंडलीस, किती वाळलीस" ही वाक्यं पाहुण्यांनाही घरात बोलू देऊ नका. आणि मुलगी डबा लपवून टाकून देत असेल, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन दार लावत असेल, मोबाइलवर कॅलरी मोजत असेल, एक चमचा तुपासाठी रडत असेल, तर प्रश्न आहाराच्या पुढे गेला आहे. तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतात आणि लवकर लागतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येतं.

पाळी परत यायला वेळ लागेल. काही जणींना तीन-चार महिने, काहींना वर्षही. त्याआधीच्या खुणा ओळखायला शिका: झोप शांत लागते, हातपाय सारखे गार पडत नाहीत, चिडचिड उतरते, पूर्वीसारखा पांढरा स्राव दिसू लागतो. तो दिसला तर मुलीला सांगा की हे चांगलं लक्षण आहे.

सरांशी बोलायला जाल तेव्हा भांडायच्या तयारीनं जाऊ नका. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून नाशिकच्या किती पालकांनी मुलींना पहाटे मैदानावर सोडायला सुरुवात केली हे आपण पाहतो आहोत. त्यामागे प्रशिक्षकांचे कष्ट आहेत. सरांना डॉक्टरांचा लेखी कागद द्या आणि तीन गोष्टी स्पष्ट मागा. वजनाबद्दल तिच्याशी थेट बोलू नये. सगळ्यांसमोर वजन करू नये. १८ वर्षांखालच्या खेळाडूंच्या शरीराची अशी मोजमापं वैद्यकीय कारणाशिवाय नकोतच, असं ऑलिंपिक समितीच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही आहे. आणि ती परतली की आधीच्या निम्म्या अंतरापासून सुरू करावं, आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा. "पाळी गेली म्हणजे मुलगी तयार झाली" असं मैदानावर बोललं जातं. ते चूक आहे, हे सरांना नम्रपणे पण ठामपणे सांगा. शक्य असेल तर तिच्या बाबांनाही बरोबर न्या. हा विषय फक्त आईनं दबक्या आवाजात बोलायचा नाही.

हे वाचणाऱ्या इतर आयांनो आणि मैदानावरच्या मुलींनो, पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती २१ ते ४५ दिवसांत कधीही आली तरी सहसा घाबरायचं कारण नसतं. पण १५ वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही, किंवा एकदा सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर स्पर्धा संपायची वाट न बघता डॉक्टर गाठा. कबड्डी असो, कुस्ती असो, भरतनाट्यम् असो, नियम तोच. पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे विचारा. आणि पाळीच्या तारखा मुलीनं स्वतः लिहायच्या, सरावाच्या वहीतच, टायमिंगच्या शेजारी.

राहिली राज्य स्पर्धा. ताई, नडगीत तडा निघाला तर ही स्पर्धा या वर्षी नाही, हे आजच मनाशी ठरवून ठेवा, म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर सरांपुढे किंवा तिच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे तुमचा निश्चय डगमगणार नाही. तडा नसेल, तरी स्पर्धेबद्दल "हो" तुम्ही किंवा सरांनी म्हणायचं नाही, ते तपासणाऱ्या डॉक्टरांनी म्हणायचं. मधल्या काळात डॉक्टरांनी परवानगी दिली तर महापालिकेच्या जलतरण तलावात पोहू द्या, मैदानावर मैत्रिणींची वेळ लावायला जाऊ द्या. तिला घरी कोंडू नका. अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ उद्याच घ्या, स्त्रीरोगतज्ज्ञांची याच आठवड्यात.